बोरिवलीचं नॅशनल पार्क: सफारी करून परत फिरू नका, वर कान्हेरीला जा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क, याला माझ्याकडून पाचपैकी पाच. पण हे पाच स्टार गेटजवळच्या बागेला किंवा सफारीला नाहीत, हे आधीच क्लिअर करते. बहुतेक लोक काय करतात, हायवेवरून आत शिरतात, सफारीच्या बसमध्ये बसून वाघ-सिंह बघतात, झाडाखाली चटई टाकून डबे खातात आणि चार वाजता "झालं नॅशनल पार्क" म्हणून घरी. अहो, सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल आहे ते, इकडे बोरिवली, तिकडे मुलुंड, पलीकडे ठाण्याचं येऊर, वर घोडबंदरची खाडी ओलांडून नागला, आणि तुम्ही नुसतं अंगण बघून आलात!

सफारीबद्दल एवढंच की ते वाघ आणि सिंह कुंपणाच्या आतले आहेत, पोरं जाम खूश होतात, लहान मुलं बरोबर असतील तर जरूर करा. या जंगलाचा खरा रहिवासी बिबट्या, तो पन्नासच्या आसपास संख्येने इथे आणि आजूबाजूच्या आरे वगैरे भागात मोकळा राहतो आणि तुम्हाला दिसणार नाही, न दिसलेलाच बरा. एवढ्या प्रचंड शहराला चिकटून इतके बिबटे राहतात हे जगात क्वचितच कुठे असेल, आणि पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला देव मानून त्याच्याच शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेत, त्यांना याचं काही नवल नाही.

आता मुद्द्याचं. गेटपासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरी लेणी आहेत. बसने जा, भाड्याची सायकल मिळाली तर सायकलने जा, पाय चांगले असतील तर सकाळी लवकर चालतसुद्धा जाता येतं, पण जा. लेण्यांचं तिकीट पार्कच्या तिकिटापेक्षा वेगळं असतं, त्याला वैतागू नका, मुंबईत एवढ्या पैशात धड नाश्ता होत नाही. शंभरावर लेणी आहेत, सगळी काळ्या बेसॉल्टमध्ये खोदलेली, इसवी सनाच्या आधीपासून ते साधारण दहाव्या शतकापर्यंत इथे भिक्खू राहत होते, म्हणजे हजार वर्षं! तिसऱ्या नंबरचं चैत्यगृह, म्हणजे भिक्खूंचं प्रार्थनागृह, सगळेच बघतात आणि बघायलाच पाहिजे, व्हरांड्यात दोन्ही बाजूंना वीस-बावीस फुटांच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत, आत खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी स्तूप. काही खांबांवर पूर्ण नक्षी आहे आणि काही तसेच साधे ठेवलेत, का राहिलं असेल काम अर्धं, मी दर वेळी तिथे उभी राहून हाच विचार करते.

पण लोक इथूनच खाली उतरतात. प्लीज असं करू नका, पायऱ्या चढून वर जा. वरच्या बाजूला गर्दी एकदम संपते आणि कान्हेरीतलं रोजचं जगणं कसं चालायचं ते कळायला लागतं. कुठल्याही एका छोट्या विहाराच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्याच्या, बाहेर पाच मिनिटं थांबून नीट बघा. दाराशी बसायला कातळातला बाक, आत झोपायला ओटा, आणि बाजूलाच पाण्याचं टाकं. आता मान वर करून बघा, दरवाजाच्या वर उतारावर खडकात पन्हळ खोदलेली दिसेल, म्हणजे पावसाचं पाणी छतावरून सरळ दारात न पडता वळून त्या टाक्यात जाईल. जवळजवळ प्रत्येक लेण्याला अशी सोय आहे, खाली ओढ्यावर बांध घातल्याच्या खुणाही आहेत. डोंगरावर वर्षभर माणसं राहायची तर चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायचा हे त्यांनी छिन्नी-हातोड्यावर करून दाखवलंय. आणि हे खोदायला पैसे कुणी दिले तर सोपारा, कल्याण, चौल इथल्या व्यापाऱ्यांनी, लोकांनी, तसे शिलालेखच भिंतींवर आहेत, काहींमध्ये टाक्याचं दान वेगळं लिहिलंय.

वेळ असेल तर 41 नंबरच्या लेण्यात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, बघा, असा भारतात सहज बघायला मिळत नाही. 90 नंबरमध्ये पारशी लोकांनी अकराव्या शतकात येऊन पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावं कोरून ठेवलीत. आमच्या बिल्डिंगमधल्या पारशी काकांना मी हे सांगितलं तर ते खास बघायला जाऊन आले, खूप वेळ तिथेच उभे होते म्हणाले.

पाण्याचंच अजून एक. तुळशी आणि विहार हे दोन्ही तलाव याच जंगलात आहेत, विहार 1860 चा, तुळशी 1879 चा, आणि आजही मुंबईला त्यांचं पाणी मिळतं. दहिसर नदी इथूनच निघते. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पार्कच्या आत तिचं पाणी बघा, तळाचा दगड न् दगड दिसतो, खंड्या बसलेला असतो, आणि तीच नदी पार्कच्या बाहेर पडून वस्तीत शिरली की थोड्याच अंतरात नाला होते. जंगल शहराचं काय काम करतं हे पोरांना समजवायचं असेल तर नदीची ही आतली आणि बाहेरची दोन ठिकाणं एकाच दिवशी दाखवा, लेक्चरची गरज नाही. म्हणूनच ठाणे-बोरिवली बोगद्याच्या बातम्या वाचल्या की मला काळजी वाटते, जवळजवळ 12 किलोमीटरचा प्रोजेक्ट आणि बरचसं काम या डोंगराच्या पोटातून, वरच्या झऱ्यांचं आणि विहिरींचं पाणी कोणीतरी सतत मोजत राहिलं पाहिजे आणि ते आकडे लोकांसमोर ठेवले पाहिजेत.

त्रास एकच, आणि तो आपल्याच माणसांचा. माकडांना वेफर्स देऊ नका हो! सवय लागली की ती हातातली पिशवी ओढतात, मग तेच लोक ओरडत पळतात. चैत्यगृहात स्पीकरवर गाणी लावून रील करणारे ग्रुप असतात, तिथे नुसता आवाज दिला तरी घुमतो, शांत बसून ऐकण्याची जागा आहे ती. पायथ्याशी पाड्यांवरच्या मावशी काकडी, पेरू, सीझनला बोरं-करवंदं घेऊन बसतात, पॅकेटपेक्षा ते घ्या, तिखट-मीठ लावलेली काकडी चढून आल्यावर जी लागते ना! पण ती खाली बसूनच खा, वर नेलीत तर माकडं आहेतच.

इथल्या डोंगरउतारावरची कारवी, जांभळ्या फुलांचं झुडूप, 2024 मध्ये फुलून गेली, आठ वर्षांनी फुलते, म्हणजे पुढची मोठी बहार 2032 ला, आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सोमवारी पार्क बंद असतं, लांबून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. रविवार शक्यतो टाळा. भर पावसात ओढे-धबधबे सुंदर दिसतात पण लेण्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ग्रिपचे बूट घाला, चप्पल-सँडल अजिबात नको, आणि आजी-आजोबांना तेव्हा वर नेऊ नका, त्यांना डिसेंबर-जानेवारीत आणा. पाण्याच्या बाटल्या स्टीलच्या आणा, प्लास्टिक गेटवर तपासतात. शिलोंडा किंवा नागलाच्या ट्रेलला जायचं असेल तर परवानगी आणि वाटाड्या घेऊनच, एकटं आत शिरू नये. आणि संध्याकाळी वेळ संपायच्या बरंच आधी कान्हेरीहून खाली निघा, शेवटच्या बसला नेहमीच गर्दी असते.