चूक त्याची, क्लेम कुणाच्या पॉलिसीवर?

सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो होतो, मागून टेम्पोने ठोकलं. बंपर फाटला, पत्रा आत गेला, डिकी लागेना. चूक सरळ त्याची. तरी क्लेम आपल्या पॉलिसीवर करायचा की त्याच्या?

आपल्या फुल इन्शुरन्सवर काम लवकर होतं. सर्व्हेअर फोटो काढतो, कॅशलेस गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग सुरू. पण झीरो डेप (जुन्या भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या बंपरचे निम्मे पैसे आपल्याच खिशातून, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट. खरं दुखणं नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं: पाच वर्षं सांभाळून ५० टक्क्यांवर नेलेला, आपली चूक नसतानाही शून्यावर येतो.

त्याच्या थर्ड पार्टी विम्यावर (दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या) गेलात तर बोनस शाबूत. मात्र पोलिसांत नोंद, वकील, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, तारखा. कायद्यात अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे.

पत्रा कापायची वेळ आली असेल तर मी आपलीच पॉलिसी वापरा म्हणेन. रोज लागणारी गाडी तारखांसाठी अंगणात उभी ठेवणं परवडत नाही. नुसता बंपर गेला असेल तर आधी बोनसचा हिशेब काढा. आणि गाडी हलवण्याआधी टेम्पोच्या नंबर प्लेटसकट फोटो घ्याच.