लँड की सी? आईला घेऊन एकच संध्याकाळ असेल तर

भारतातून आई, सासूबाई किंवा मावशी आली की टोकियोतल्या मराठी घरांत हा प्रश्न एकदा तरी निघतोच: शेजारी-शेजारी असलेल्या दोन डिस्नी पार्कांपैकी डिस्नीलँडला न्यायचं की डिस्नीसीला? आमच्याकडे तो तीन वर्षांत तीनदा निघाला. दोन्हीकडे जाऊन आलो आणि शेवटी एका बाजूला कललो. कुठल्या, ते शेवटपर्यंत लपवायचा बेत होता, पण ते मला जमायचं नाही. वाचता वाचता कळेलच.

पाळण्यांबद्दल मी काही सांगणार नाही. आई बसत नाही, बायकोला मळमळतं आणि सात वर्षांच्या लेकीला रांगेत उभं राहण्यापेक्षा पॉपकॉर्न खाणं जास्त आवडतं. त्यामुळे आम्ही दिवसभराचं तिकीट काढतच नाही. शनिवार-रविवारी दुपारी तीननंतरचं किंवा कामाच्या दिवशी पाचनंतरचं काढतो आणि संध्याकाळ दोनच कामांत घालवतो: चरणं आणि घरी न्यायच्या वस्तू घेणं. साधं तिकीट एकाच पार्कचं असतं. इकडे थोडं, तिकडे थोडं असं करता येत नाही, म्हणून हा सगळा खल.

ज्यावरून निवड करू नये ते आधी सांगतो: पॉपकॉर्न. दोन्हीकडे गाड्या आहेत, प्रत्येक गाडीवर एकच चव आणि कुठे कुठली ते ॲपवर दिसतं. गळ्यात अडकवायची बादली एकदा घेतली की पुढे नुसती भरून मिळते, लँडची बादली सीमध्येही चालते. आमची बादली आता घरी लेकीच्या क्रेयॉनसाठी आहे. बाहेर जाताना खडू ओतून, धुऊन पुन्हा कामाला लागते.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी प्रामाणिकपणे सांगेन की सी सरस आहे. माझ्या जिभेला तरी. अरेबियन कोस्ट या भागातल्या कस्बा फूड कोर्टात करी आणि नान मिळतो. आपल्याकडच्या चवीचा म्हणणार नाही, पण चार आठवडे जपानी जेवण जेवलेल्या माणसाला नान बघूनच बरं वाटतं. झांबिनीकडे पिझ्झा-पास्ता आहे, बंदराच्या काठाने बिअरचा ग्लास घेऊन बसता येतं आणि तिथल्या नकली ज्वालामुखीच्या पोटातल्या टपरीवर तो लांबोडका ग्योझा सॉसेज बन मिळतो. वाफाळता, आत डुकराचं मांस. त्याबद्दल पुन्हा बोलू.

लँडला हंग्री बेअरमध्ये जपानी पद्धतीची करी-भात मिळतो. मुलांना तो फार आवडतो, आमच्या लेकीलाही. पण आई शाकाहारी. जपानी करीच्या रस्स्यात मांसाचा अंश सहसा असतोच आणि सुपात, सॉसमध्ये दाशी, म्हणजे माशाचा अर्क उतरलेलं पाणी. काउंटरवर विचारलं तर घटकांची यादी दाखवतात, पण यादी वाचून झाल्यावर आईसाठी उरतं फार थोडं. लँडला तिचं पोट भरतं ते वॉफलवर. वर्ल्ड बझारमध्ये ग्रेट अमेरिकन वॉफल कंपनी आहे, तिथे मिकीच्या तोंडाचा वॉफल मिळतो. अंड्याचं काय, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा आई म्हणाली, "दिसत नाही ना? मग झालं तर." तिने मिकीचा एक कान मोडून नातीला दिला, दुसरा सुनेला, आणि उरलेला चेहरा पाकात बुडवून सावकाश खाल्ला. "आपल्या आंबोळीलाच चौकडीचं कापड नेसवलंय," हा तिचा अभिप्राय.

तर खाण्याचे गुण सीला. घरातला शाकाहारी माणूस वॉफलवर भागवणारा नसेल तर थोडे जास्तच.

आता खरेदी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरात भांडणं याच्यावरून होतात.

लेकीला हवी असते स्टेला लू, ती जांभळी सशीण. ती डफी अस्वलाच्या गोतावळ्यातली. डफीचं या नावाने बस्तान बसलं ते 2005 पासून सीमध्येच, आणि त्या मंडळींच्या वस्तू घ्यायच्या तर सीलाच जावं लागतं. अमेरिकन वॉटरफ्रंटमधलं मॅकडक्सचं दुकान म्हणजे त्यांचं माहेरघर. तुमच्या घरात डफीभक्त असेल तर हा आढावा इथेच सोडून सीचं तिकीट काढा, मी रागावणार नाही.

बाकीच्यांना मात्र खरेदी म्हणजे डबे. पत्र्याचे, चित्रांचे, आत बिस्किटं नाहीतर चॉकलेटं. ऑफिससाठी ओमियागे, म्हणजे फिरून आल्यावर वाटायचा खाऊ, न्यायचं तर आत किती पुड्या आहेत ते बघायचं. अठरा माणसांच्या टीमला सोळा पुड्यांचा डबा नेण्याची चूक मी एकदाच केली. भारतात न्यायचं तर हिशोब वेगळा. मे महिन्यात चॉकलेट नको, मुंबईच्या विमानतळाबाहेरच त्याची खीर होते. बिस्किटं चालतात. तांदळाच्या खाऱ्या चकत्यांवर बऱ्याचदा कोळंबीचा नाहीतर माशाचा अर्क असतो, तेव्हा मागची बाजू वाचून घ्यावी. अंडं, दूध, गहू, कोळंबी असल्या गोष्टी लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, पण जिलेटिनला ती सक्ती नाही. बहुतेक ठिकाणी ते लिहिलेलं असतं, तरी मार्शमॅलो आणि जेलीच्या गोळ्या आम्ही सरळ सोडून देतो.

आणि डबा निवडायची आईची स्वतःची पद्धत आहे. आत काय आहे ते ती बघतच नाही. झाकण उघडून लावून बघते, घट्ट बसतं का आणि नखाने उघडतं का. पुण्याच्या स्वयंपाकघरात अशा तीन डब्यांत मेथी, लवंगा आणि उपासाची सुपारी आहे. चौथ्याचं झाकण सैल निघालं, त्यात बटणं. ही परीक्षा घ्यायला डबा हातात यावा लागतो. त्या दिवशी पार्कात गेलेल्यांना ॲपवरून बऱ्याच वस्तू मागवता येतात, त्या जपानातल्या घरी पोचत्या होतात, हे मी तिला दाखवलं. "फोनला झाकण लावून बघू का?" म्हणाली.

डब्यांचं म्हणाल तर दोन्हीकडे ढीग आहेत. सीला प्रवेशाजवळच एम्पोरिओ हे मोठं दुकान आहे, लँडला वर्ल्ड बझारमधलं ग्रँड एम्पोरियम आणि जवळच नुसत्या खाऊचं दुकान. माल थोडाफार इकडचा तिकडे, पण भरपूर. म्हणजे इथपर्यंत बघितलं तर पारडं सीकडेच झुकतंय, नाही का? जेवण चांगलं, सशीण तिथेच, डबे तेवढेच. मलाही असंच वाटायचं.

मग आला तो वळसा.

सी म्हणजे मुळात पाणी आणि पाण्याभोवती वस्ती. आत शिरलं की समोर बंदर, पलीकडे धुमसणारा ज्वालामुखी, आणि सगळं काही हाताच्या अंतरावर असल्यासारखं दिसतं. दिसतं फक्त. पोचायचं तर काठाकाठाने, पूल चढून-उतरून, डोंगराच्या पोटातून जावं लागतं. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी माझा बेत असा होता: कस्बामध्ये नान-करी खायची, मग मॅकडक्समध्ये सशीण, मग एम्पोरिओत डबे. कागदावर उत्तम. पण कस्बा पार आतल्या टोकाला, मॅकडक्स दुसऱ्या अंगाला आणि एम्पोरिओ दाराशी. साडेचारलाच सूर्य मावळलेला, खाडीवरून वारा सुटलेला आणि आईचे गुडघे पुलाच्या पहिल्याच चढाला बोलायला लागलेले.

"अरे, समोर तर दिसतंय. मग आपण चालतोय कुठे?" तिने हे त्या संध्याकाळी चार वेळा विचारलं. चौथ्यांदा तिच्या आवाजात कुतूहल नव्हतं.

अंतर मीटरमध्ये मी मोजलेलं नाही. आमच्याकडे अंतर बाकांमध्ये मोजतात: आईला किती वेळा टेकावं लागलं. दारापासून कस्बापर्यंत पाच बाक. तिथे पोचल्यावर तिने जाहीर केलं की आता ती इथून थेट घरी जाणार, मधे कुठे नाही. मग मी शहाणपणा केला. तिघींना टेबलाशी बसवलं, जेवण घ्यायला सांगितलं आणि एकटाच सशीण आणायला पळालो. जाऊन, रांग लावून, परत येईपर्यंत माझा नान वहाणेच्या तळव्यासारखा झाला होता, लेक टेबलावर डोकं ठेवून झोपली होती आणि मी आणलेला ससा जांभळा नव्हता. घाईत तिथलंच दुसरं कुणीतरी उचलून आणलं होतं. चूक सर्वस्वी माझी. जागा सुंदर आहे, अपुरे पडले ते आमचे पाय.

बोट आहे, विजेची छोटी रेल्वेही आहे, हे मला ठाऊक आहे. थंडीत उघड्या बोटीत आईला बसवून बघा आणि मग मला सांगा.

खरं तर हा वळसा स्टेशनपासूनच सुरू होतो. माइहामाहून लँडचं दार चालत गाठता येतं. सीला जायला मोनोरेल, तिचं तिकीट वेगळं, आणि ती एकाच दिशेने फिरते. त्यामुळे जाताना लँड आणि हॉटेलांवरून जवळजवळ पूर्ण फेरी मारून सी येतं. परतताना मात्र एकच स्टेशन, तेवढं श्रेय द्यायला हवं. (टोकियो स्टेशनवरून येणाऱ्यांनी केइयो लाइनचा फलाट शोधण्यातच एक-दोन बाक आधी खर्ची पडतात हे लक्षात ठेवावं. टोकियोतल्या निशी-कसाई भागात राहणाऱ्यांनी कसाईहून बस धरावी, ती सुखाची.)

लँडची मांडणी वेगळी आहे. मधे किल्ला, त्याच्यासमोर चौक आणि चौकातून सगळीकडे फुटलेल्या वाटा. कुठूनही परत फिरलं की चौकात. आणि चौक ते दार यांच्यामध्ये वर्ल्ड बझार, म्हणजे दुतर्फा दुकानांची पेठ, वर काचेचं छप्पर. हे छप्पर जपानच्या पावसासाठी केलं असलं तरी नोव्हेंबरच्या वाऱ्यात त्याची खरी किंमत कळली. वॉफल, कॉफी, खाऊचं दुकान, ग्रँड एम्पोरियम, सगळं त्या एका छपराखाली. आईला एका जागी बसवलं की ती आमच्या नजरेत राहते आणि आम्ही तिच्या. लेक तिच्याकडे जाते, डबा दाखवते, झाकणाची परीक्षा होते, डबा नापास होतो, लेक परत जाते. अशा फेऱ्या मी मागच्या खेपेला सात मोजल्या. सातव्या डब्याला पसंती मिळाली. कुणी दमलं नाही, कुणाचं काही गार झालं नाही. हंग्री बेअरपर्यंत जायचं तरी आईच्या हिशोबाने दोन बाक.

लँडलाही खोट आहेच. बंद व्हायच्या सुमारास सगळं पार्क त्या पेठेतून बाहेर पडतं आणि ग्रँड एम्पोरियममध्ये दादर स्टेशन होतं. त्यावर आमचा तोडगा असा की रात्रीची दिव्यांची परेड सुरू झाली, लोक तिकडे खिळले की आपण दुकानात शिरायचं. परेड लेकीला दुरून दिसली तरी पुरते. कापडी पिशवी बरोबर ठेवावी. 2020 पासून जपानात प्लॅस्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात. आई पुण्याहून साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन येते, त्यात चार डबे आडवे बसतात. आणि एखादी वस्तू राहिलीच तर स्टेशनकडे जाताना बोन वॉयाज आहे, सुटकेस आणि टोपीच्या खोक्यासारखी दिसणारी इमारत. तिथे शिरायला तिकीट लागत नाही.

तेव्हा, दोघंच असाल, पाय धड असतील आणि जेवणाला महत्त्व असेल तर सीला जा, मी अडवणार कोण. गुडघे, झोपाळू मूल आणि सहा पिशव्या असा लवाजमा असेल, तर मला वाटतं लँड जरा सोपं पडेल. जरा म्हणजे तीन बाकांनी.

आई मार्चमध्ये पुन्हा येतेय, लँडचंच ठरलंय. राहता राहिली जांभळी सशीण. तिच्यासाठी मी एकटा ऑफिस सुटल्यावर पाचच्या तिकिटावर सीला जाऊन येणार आहे. सशिणीसाठी एवढं महाग तिकीट कशाला, असं बायकोने विचारलं. लेकीचा शब्द आहे, म्हटलं. ज्वालामुखीतल्या त्या वाफाळत्या बनबद्दल मी घरात अजून कुणाला बोललेलो नाही.