सौदी, इंग्लंड की जर्मनी? उतरल्या दिवशी तुम्ही नर्स असाल का?

दर महिन्याला दोन-तीन ज्युनिअर मुलींचे मेसेज येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कुठला व्हिसा लवकर मिळतो?" मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये मेडिकल वॉर्डला आहे. माझ्या जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) बॅचमधली एक सौदीत रियाधला आयसीयूत आहे, दुसरी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका गावात. आमच्या तिघींच्या ग्रुपवर या विषयाचा इतका कीस पडलाय की एजंटच्या ऑफिसातही पडत नसेल. एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत आहे. व्हिसा हा या सगळ्यातला शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा कागद. त्याच्या आधी रजिस्ट्रेशन, म्हणजे त्या देशात नर्स म्हणून नोंदणी येते आणि देशादेशांतला खरा फरक तिथे पडतो. म्हणून मी उलटा प्रश्न विचारते: विमानातून उतराल त्या दिवशी तुम्ही नर्स असाल का?

सौदी, दुबई: हो, पहिल्या दिवसापासून

आखाती देशांसाठीची परीक्षा आणि तपासणी भारतातच उरकते. सौदीसाठी प्रोमेट्रिकची (संगणकावर होणारी) परीक्षा, डेटाफ्लो या कंपनीची कागदपडताळणी आणि सौदी कमिशनचं (तिथल्या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेचं) क्लासिफिकेशन. दुबईत लायसन्स देणारी संस्था डीएचए, अबुधाबीत डीओएच, बाकीच्या अमिरातींत एमओएचएपी. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आणि इंग्रजीतच असते, वेगळी भाषा शिकावी लागत नाही. वॉर्डात काम करत असाल तर दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासात होते. तिथे पोचल्यावर उरतं ते औपचारिक काम.

अडतं ते डेटाफ्लोवर. ते लोक थेट तुमच्या कॉलेजला आणि हॉस्पिटलला विचारतात, "ही इथे खरंच होती का?" बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. तुमची ती दोन वर्षं तालुक्याच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये गेली असतील, अनुभवाचं पत्र डॉक्टरांच्या लेटरहेडवर असेल आणि ईमेल बघायला तिथे कोणीच नसेल, तर फाइल लोंबकळते. नोकरी सोडण्यापूर्वी तिथे एक चालू ईमेल आणि त्याला उत्तर देणारा एक माणूस आहे ना, एवढं बघून ठेवा.

दुसरी गोष्ट एजंटची. २०१५ पासून सौदी, कुवेत, अमिरात, कतार अशा देशांत जाणाऱ्या नर्सना ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवरून इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, पासपोर्ट ईसीएनआर (एरवी क्लिअरन्स न लागणारा) असला तरी. हा नियम उगाच आला नाही. त्याच वर्षी कोचीत कुवेतच्या भरतीचं प्रकरण बाहेर आलं. नियमाने १९,५०० रुपये घ्यायचे, तिथे एकेका नर्सकडून साडेएकोणीस लाख घेतल्याचा आरोप झाला आणि तपास सीबीआयकडे गेला. आज नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. "व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देतो" असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा.

पगारावर आयकर नाही. करारात राहणं आणि तिकीट बहुधा हॉस्पिटलकडून असतं. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत हातात पैसा उरतो तो इथेच. माझ्या मैत्रिणीने रियाधच्या पगारावर घराचं कर्ज फेडलं, मी अजून फेडतेय.

आता दुसरी बाजू. दहा वर्षं राबलात तरी इकामा (राहण्याचा परवाना) नूतनीकरणाचाच राहतो, नर्सच्या नोकरीतून कायमचं वास्तव्य पिकत नाही. निघताना हाती पडते ती ग्रॅच्युइटी: सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा आणि त्यापुढे वर्षाला एका महिन्याचा पगार. तीही दहा वर्षांच्या आत स्वतः राजीनामा दिला तर कमी होते आणि दोन वर्षांच्या आत दिला तर शून्य. शिवाय बरेच करार 'सिंगल स्टेटस' असतात, म्हणजे नवरा-मुलं गावीच. ऑफर लेटरमध्ये हा शब्द शोधा.

इंग्लंड: नाही, पण आठ महिन्यांत व्हावं लागतं

इंग्लंडची शिडी सरळ आहे. आधी इंग्रजी: आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये वाचन, श्रवण, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५, किंवा ओईटीमध्ये (आरोग्यक्षेत्रातल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा) तिघांत बी आणि लेखनात सी प्लस. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना मी सरळ ओईटी सांगते. फी जास्त आहे, पण त्यात पेशंटचं रेफरल लेटर लिहायचं असतं, 'शहरातल्या वाहतुकीवर तुमचं मत' नाही. मग एनएमसीची (इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलची) सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, जी भारतातच देता येते. त्यानंतर नोकरीची ऑफर, मालकाकडून मिळणारं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट, टीबीची तपासणी, पोलीस क्लिअरन्स आणि हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा. हा व्हिसा २०२० मध्ये सुरू झाला. त्याची फी इतर कामगारांपेक्षा कमी आहे (२०२५ च्या दराने तीन वर्षांपर्यंत ३०४ पौंड) आणि बाकीच्यांना जड जाणारा आरोग्य अधिभार तुम्हालाही नाही, कुटुंबालाही नाही. कागद नीट असले तर हा व्हिसा काही आठवड्यांत हातात येतो.

पण उतरता तेव्हा तुम्ही नर्स नसता. पिन (एनएमसीचा नोंदणी क्रमांक) मिळेपर्यंत खालच्या बँडचा, म्हणजे वेतनश्रेणीचा पगार आणि खालचं काम. नोकरी सुरू झाल्यापासून बारा आठवड्यांच्या आत ऑस्की द्यायची आणि आठ महिन्यांत पूर्ण रजिस्ट्रेशन मिळवायचं. ऑस्की म्हणजे दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा. ज्ञानापेक्षा सवयी तपासणारी. रोज पन्नास पेशंटना इंजेक्शन दिलेली मुलगी तिथे नापास होते, कारण तिने पेशंटचं नाव, जन्मतारीख आणि अ‍ॅलर्जी मोठ्याने विचारली नाही. आपल्याकडे बेड नंबरवर काम चालतं. ही सवय मोडायला मला सहा आठवडे लागले आणि तरी पहिल्या खेपेला एक स्टेशन गेलंच.

पैशांचा हिशोब (२०२५ च्या दराने): सीबीटी ८३ पौंड, एनएमसीची छाननी १४०, ऑस्की ७९४, नोंदणी १५३. एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, बरेच ट्रस्ट (हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्था) यातलं बरंच परत देतात, पण करारात बाँड घालतात. मुदतीआधी सोडलं तर वळतं करून घेतात. ऑस्कीला एका अर्जात तीनच प्रयत्न मिळतात. इंग्लंडमधला बँड ५ चा सुरुवातीचा पगार २०२५-२६ साली वर्षाला ३१,०४९ पौंड होता. आकडा रुपयांत करून खूश होऊ नका. कर, पेन्शन आणि घरभाडं वजा करून लंडनमध्ये जे उरतं ते ऐकून आईला रडू आलं होतं. उत्तरेकडचं लहान शहर घ्या.

कुटुंबाच्या बाबतीत इंग्लंड पुढे आहे. रजिस्टर्ड नर्सला नवरा आणि मुलं आणता येतात आणि नवऱ्याला काम करता येतं. केअर वर्करचं, म्हणजे केअर होममध्ये काम करणाऱ्या मदतनीसांचं, तसं नाही. मार्च २०२४ पासून त्यांना कुटुंब आणणं बंद झालं आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरतीच थांबली. हे मुद्दाम सांगते, कारण एएनएम (सहायक नर्सचा कोर्स) झालेल्या मुलींना आजही "यूकेला केअर होममध्ये लावतो, पंधरा लाख" असे फोन येतात. तो रस्ता बंद आहे. जेव्हा उघडा होता तेव्हाही कित्येकजणींच्या मालकाचं स्पॉन्सर लायसन्स (परदेशी कामगार आणण्याचा परवाना) रद्द झालं आणि साठ दिवसांत दुसरा मालक शोधण्याची वेळ आली.

आणि खरी अडचण. परीक्षा पास होणाऱ्या मुली आहेत, पण जागा पूर्वीसारख्या नाहीत. कोविडनंतरच्या दोन-तीन वर्षांत ट्रस्ट विमानं भरून नर्स आणत होते. आता इथे शिकलेल्या मुलींनाच पहिली नोकरी मिळायला वेळ लागतो. कायमच्या वास्तव्यासाठी पाच वर्षांचा नियम दहावर नेण्याचा प्रस्तावही सरकारने २०२५ मध्ये मांडला. ओईटीचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून ऑफरची चाहूल नसताना घाईने परीक्षा देऊ नका.

जर्मनी: नाही, आणि भाषा आली नाही तर होणारही नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि गावोगावी जर्मनचे क्लास निघाले. करार चांगलाच आहे, पण करार म्हणजे तुमच्या नावाचं नोकरीचं पत्र नव्हे. केरळमध्ये नोर्का या राज्य सरकारच्या संस्थेमार्फत 'ट्रिपल विन' या जर्मनीत नर्स पाठवण्याच्या योजनेची घडी बसलेली आहे, जर्मन सरकारी यंत्रणा त्यात आहेत आणि मुलींना खर्च पडत नाही. आपल्याकडे तेवढी जुनी घडी नाही. क्लास लावताना "पास झाल्यावर मुलाखत कोण घेणार, कुठल्या हॉस्पिटलची?" हे लेखी विचारा.

जर्मनीत तुमच्या पदवीची तुलना तिथल्या तीन वर्षांच्या नर्सिंग शिक्षणाशी होते. बहुतेकींना हाती येतो तो 'डेफिझिटबेशाइड', म्हणजे काय कमी पडतंय त्याची यादी. मग दोन पर्याय: काही महिन्यांचा अनुकूलन अभ्यासक्रम, नाहीतर ज्ञानपरीक्षा. त्यासाठी जो व्हिसा मिळतो त्यावर जाऊन तुम्ही मदतनीस म्हणून काम करता आणि मान्यता आली की नर्स होता. मार्च २०२४ पासून मालकाशी करार करून ही सगळी प्रक्रिया तिथे गेल्यावर सुरू करण्याचीही सोय झाली आहे. व्हिसाची फी ७५ युरो, म्हणजे इंग्लंडपेक्षा स्वस्त. महाग आहे ती भाषा. व्हिसाला बहुधा जर्मनची बी१ पातळी लागते आणि नर्स म्हणून मान्यतेला त्यावरची बी२. शिफ्ट सांभाळून बी२ पर्यंत जायला दीड वर्ष धरा. पुण्या-मुंबईत माक्स म्युलर भवन आहे. लातूर-परभणीच्या मुलींना मात्र ऑनलाइनच.

पण भाषेपेक्षा मोठा धक्का वेगळाच आहे आणि तो कोणी आधी सांगत नाही. जर्मनीत पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, दाढी करणं हे नर्सचं काम आहे. मूळ काम. आपल्याकडे ते मावशी आणि मामा करतात किंवा नातेवाईक, आणि सिस्टर औषधं, सलाइन, डॉक्टरांचा राउंड बघते. तिकडे उलटं: बऱ्याच ठिकाणी व्हेनफ्लॉन (सलाइनसाठी शिरेत लावायची नळी) डॉक्टर लावतात आणि तुम्ही आजोबांचे पाय पुसता. माझी जर्मनीतली मैत्रीण इथल्या आयसीयूतून गेलेली. पहिले तीन महिने रोज फोनवर म्हणायची, "मी मावशी झाले गं." आता म्हणत नाही. तिच्या वॉर्डात चाळीस वर्षं काम केलेली जर्मन नर्सही तेच करते, तेव्हा अंघोळ घालतानाच त्वचा, श्वास, मनाची अवस्था सगळं बघून होतं, असं तिचं म्हणणं. हे ज्यांच्या गळी उतरत नाही त्यांनी बी२ चे पैसे घालवू नयेत.

बदल्यात मिळतं ते भक्कम आहे. वृद्धसेवेतल्या पूर्ण पात्र नर्सचं किमान वेतन जुलै २०२५ मध्ये तासाला २०.५० युरो झालं. मान्यतेनंतर कुशल कामगार म्हणून तीन वर्षं आणि ३६ महिन्यांची पेन्शन वर्गणी झाली की कायमचं वास्तव्य मागता येतं. जागाही आहेत, विशेषतः मोठ्या शहरांबाहेर.

अमेरिकेचं एका वाक्यात: एनसीलेक्स (तिथली नर्सिंगची परीक्षा) पास होणं शक्य आहे, पण भारतीयांची ईबी-३ ची (नोकरीवरच्या ग्रीन कार्डची) रांग दहा वर्षांहून लांब आहे.

मग कोणी कुठे?

घरावर कर्ज असेल, धाकट्या भावाचं शिक्षण डोक्यावर असेल आणि दोन वर्षांचा पक्का अनुभव असेल तर मी सौदी सांगेन, आणि पाच वर्षांची मुदत मनाशी ठरवून. इंग्रजी चांगलं आहे, लग्न झालंय, नवऱ्यालाही यायचंय आणि एक वर्ष ऑफरची वाट बघायची तयारी आहे, तर इंग्लंड. वय पंचवीसच्या आत-बाहेर, अजून जबाबदारी नाही, भाषा शिकायची हौस आहे, तर जर्मनी. त्या वयात गुंतवलेलं दीड वर्ष वसूल होतं. सौदीहून इंग्लंडला गेलेल्या पुष्कळ आहेत. त्यामुळे पहिला देश शेवटचा असलाच पाहिजे असं नाही.

एजंट कुठलाही असो, एनएचएससाठी भरती करणाऱ्या एजन्सीला उमेदवाराकडून फी घेता येत नाही. जर्मनीतही 'फेअर आनवेर्बुंग' हा दर्जाचा शिक्का असलेल्या एजन्सी मालकाकडूनच पैसे घेतात.

आणि तिन्ही देशांत सारखंच अडणारं एक काम आजच सुरू करता येईल. दहावीच्या मार्कशीटवर तुमचं आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, नर्सिंग कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि आधारवर स्पेलिंग तिसरंच. डेटाफ्लो, एनएमसी आणि जर्मन कार्यालय, तिघंही विचारतात, "या चार बायका कोण?" लग्न तोंडावर असेल तर पासपोर्टवर नाव बदलायची घाई करू नका. बदलून झालं असेल तर विवाह नोंदणी दाखला आणि गॅझेट काढून ठेवा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव दुरुस्तीचा अर्ज आधी टाका. त्या एका अर्जासाठी माझे चार महिने गेले. व्हिसा त्यानंतर तीन आठवड्यांत आला.