निराश, हताश, खिन्न की उदास? नेमका शब्द निवडताना

कांदा घेऊन लासलगावच्या बाजार समितीकडे निघालेला शेतकरी डोळ्यांसमोर आणा. पहाटे ट्रॅक्टर भरताना तो भावाबद्दल साशंक असतो. लिलावात बोली घसरते तेव्हा तो निराश होतो. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता उत्पादन खर्चही सुटलेला नसतो, सोसायटीचं कर्ज तसंच असतं आणि आता कुणाकडे हात पसरायचा हेही सुचत नाही, तेव्हा तो हताश होतो. संध्याकाळी ओट्यावर कुणाशी न बोलता बसलेला असतो तो खिन्न. कथा लिहिणारा, बातमी करणारा किंवा अनुवादक यांतल्या प्रत्येक जागी ‘निराश’ लिहून मोकळा होऊ शकतो. पण मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या माणसाचं काय काय होत गेलं, ते वाचकाला कळत नाही.

‘निराश’ वापरण्याआधी एक गोष्ट तपासावी: आधी आशा होती का? निकालाने, उत्तराने, भावाने निराशा होते, कारण काहीतरी अपेक्षित होतं. म्हणूनच आपण ‘पदरी निराशा आली’ म्हणतो. ‘हताश’मध्ये पुन्हा प्रयत्न करण्याची उमेदही गेलेली असते. एका मुलाखतीत नाकारला गेलेला उमेदवार निराश होतो, त्याला लगेच हताश करू नये. ‘हतबल’ वेगळा, तिथे आशेचा नाही, बळाचा प्रश्न असतो. महापुरापुढे यंत्रणा हतबल ठरते. ‘खिन्न’ला आशेची अटच नाही. खेद आणि खिन्न एकाच धातूतले, त्यामुळे दुसऱ्याची दैना पाहूनही माणूस खिन्न होतो. ‘विषण्ण’ फार जड शब्द आहे. दुर्घटना, मृत्यू, मोठा विश्वासघात अशा प्रसंगांसाठी तो राखून ठेवावा. सामना हरलेल्या संघाला विषण्ण केलं, तर खऱ्या शोकासाठी शब्द उरत नाही.

सगळ्यांत जपून वापरायची जोडी म्हणजे उदास आणि उदासीन. आज ‘उदास’ म्हटलं की कारण सांगता न येणारी मनाची अवस्था समोर येते. ‘मला उदास वाटतंय’ हे वाक्य कारणाशिवायही पूर्ण आहे. पण तुकोबांच्या ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी’ या ओळीतला उदास दुःखी मुळीच नाही. तो अनासक्त आहे. रामदासही मनाच्या श्लोकांत ‘उदासीनता तत्त्वता सार आहे’ म्हणतात आणि लगेच पुढे मोकळ्या वृत्तीची गोष्ट करतात. मूळ संस्कृतात उदासीन म्हणजे अलिप्त, बाजूला बसलेला. गीतेच्या १२व्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत तो येतो. मग बालकवी लिहितात, ‘कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला’, आणि तिथे तोच शब्द हुरहुरीचा होतो. रोजच्या लिखाणात मात्र ‘उदासीन’ आज बेपर्वाईकडे झुकला आहे: मतदार उदासीन, प्रशासन उदासीन. म्हणून माझा सल्ला असा, की दुःखासाठी ‘उदास’ आणि आस्था नसण्यासाठी ‘उदासीन’ वापरा. ‘वडील गेल्यापासून ती उदासीन असते’ असं लिहिलंत, तर तिला कशाचंच काही वाटत नाही असा अर्थ निघेल आणि तिच्यावर अन्याय होईल.

निराशा आणि नैराश्य यांत मला तडजोड मान्य नाही. निराशा एखाद्या घटनेची असते, ती ओसरते. ‘नैराश्य’ आता डिप्रेशन या आजारासाठी रुळला आहे. त्या आजारात मन खचलेलं असणं किंवा कशातच रस न वाटणं, हे दिवसाचा बराचसा वेळ, जवळपास रोज आणि निदान २ आठवडे टिकतं. त्याला उपचार आहेत. तेव्हा रविवार कंटाळवाणा गेला म्हणून ‘नैराश्य आलं’ लिहू नका. आणि ‘परीक्षेतल्या अपयशाच्या नैराश्यातून आत्महत्या’ अशी ओळ तर मथळ्यात कधीच देऊ नका. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं, पण ही ओळ तसं ठरवून टाकते. वारंवार प्रयत्न फुकट गेल्याची चीड आणि थकवा सांगायचा असेल तर ‘वैफल्य’ आहेच.

बाकीचे शब्द आपापली जागा ओळखून असतात. खेळायला न मिळालेलं मूल हिरमुसतं. बाजारात, संघटनेत मरगळ येते. आकाशात मळभ दाटतं, हवा कुंद होते, आणि ओसाड माळ किंवा बंद पडलेली गिरणी भकास दिसते. जागेचं वर्णन करायचं असेल तर ‘निराशाजनक वातावरण’पेक्षा यांतला एखादा शब्द केव्हाही चांगला.

‘निराशावादी’मध्ये ‘वाद’ आहे, म्हणजे ती मनाची लहर नसून जगाकडे पाहण्याची ठाम भूमिका आहे. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरला निराशावादी म्हणतात ते या अर्थाने. बैठकीत प्रत्येक सूचनेला ‘हे जमणार नाही’ म्हणणारा नकारघंटा वाजवतो. सतत तक्रारी सांगणाऱ्याचं रडगाणं असतं. मंगल प्रसंगी अशुभ बोलणाऱ्यासाठी ‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आहे. आणि खर्चाचा हिशोब मांडून धोका दाखवणारा सहकारी यांपैकी कोणीच नाही. त्याला ‘सावध’ म्हणा, फार तर ‘साशंक’.