बर्डीवरचं केमिकलचं दुकान : काका पक्के, बाटली कच्ची

दीड वर्ष झालं, जीपॅट या फार्मसीच्या परीक्षेवर महिन्याला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीच्या १२,४०० रुपयांतले बरेचसे नागपूरच्या बर्डीवरच्या या एकाच दुकानात जातात. म्हणून लिहिते. नाव देत नाही, कारण खाली तक्रार आहे आणि मला अजून एक सेमिस्टर त्याच काउंटरवर उभं राहायचंय.

एम.फार्म.ला माझं काम चालकोन नावाच्या संयुगावर. अ‍ॅसिटोफिनोन आणि बेन्झाल्डिहाइड इथेनॉलमध्ये घ्यायचं, कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडायचं, ढवळत बसायचं. पिवळा गाळ खाली येतो. मग रेणूतल्या रिंगवर कधी क्लोरो, कधी मेथॉक्सी लावून त्याची भावंडं करायची आणि कोणतं जंतूंना भारी पडतं ते पाहायचं. जपानमधलं अल्सरचं सोफाल्कोन याच घराण्यातलं, एवढ्यावर माझी सगळी आशा.

मार्चमध्ये इथून बेन्झाल्डिहाइड नेलं. तीनदा रिअ‍ॅक्शन लावली, तीनदा गाळाऐवजी चिकट तेल. सर म्हणाले, ढवळणं कमी पडतंय. मी स्टरर बदलला, बर्फ वाढवला, रडून घेतलं. मग एका दुपारी बाटलीच्या गळ्याशी पांढरी पापडी दिसली. स्पॅच्युलाने खरवडली, कॅपिलरीत भरली, मेल्टिंग पॉइंट लावला : १२१-१२२. बेन्झोइक अ‍ॅसिड! बदामाच्या वासाचं बेन्झाल्डिहाइड हवा लागून आंबट झालेलं, आणि ते आम्लच माझं कॉस्टिक आधी खाऊन टाकत होतं.

बाटली घेऊन गेले. काकांनी चष्मा वर करून ती उजेडात धरली. "सील तुटलेलं आहे न हे. कोण्या पोरानं यातून शंभर एमएल काढून दिलं असंल." वाद नाही, नवी सीलबंद बाटली हातात. पण माझे तीन आठवडे कोण देणार? सील घेतानाच पाहायला हवं होतं, ही माझी चूक. उघडलेली बाटली नवी म्हणून विकली, ही त्यांची.

बाकी दुकान चांगलं. काचेच्या भांड्याचा बी-२४ मापाचा जॉइंट घट्ट बसतो की नाही, हे काका स्टॉपर लावून दाखवतात, मगच बिल करतात. टीएलसीच्या (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून पाहायच्या) प्लेटा कोरड्या डब्यात ठेवतात, पावसाळ्यातही. आणि मे महिन्यात दुपारी ईथर देत नाहीत. ते ३४.६ अंशाला उकळतं, बाहेर ४५. "सकाळी आठला या मॅडम, दुपारी घेऊन जाल तर अर्धं रस्त्यातच उडून जाईन." विक्री सोडून असं सांगणारा दुकानदार मला दुसरा भेटला नाही.

जीएसटीचं बिल मात्र मागून मागून घ्यावं लागतं, आणि कॉलेजला त्याशिवाय चालत नाही.

नव्या बाटलीचं चालकोन पहिल्याच खेपेला फिकट पिवळं आलं, ५५-५७ ला वितळलं. क्लोरोवालं भावंड परवा सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकशेजारी जंतूंच्या प्लेटवर लावलं. त्याच्याभोवती जंतू न वाढलेलं जेमतेम एक कडं, सिप्रोभोवती मैदान. मेथॉक्सीवालं अजून बाकी आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. रविवारी बंद, उधारी फक्त विभागप्रमुखांच्या पत्रावर.