खाणीचा खड्डा : बुजवून घ्यायचा की तळं ठेवायचं?

माळावर खडीची खाण यायची म्हटली की खाणवाला खड्ड्याबद्दल दोनपैकी एक सांगतो. "भरून देतो", नाहीतर "तळं होईल, गावालाच पाणी." बेळगाव, हुक्केरी, खानापूरकडे जमीन लीजवर द्यायची की नाही हे ज्यांना ठरवायचंय, त्यांनी आधी कागद-पेन घ्यावं.

एक एकर चौकोनी तुकडा म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. कठीण दगडात पायरी ६ मीटरपेक्षा उंच ठेवायची नाही आणि उंचीइतकी तरी रुंद हवी, हा सर्वसाधारण नियम. अशा तीन पायऱ्या उतरलं की खोली १८ मीटर, आणि पायऱ्या सोडूनही खड्डा जवळपास ५०,००० घनमीटरचा. वरची माती-मुरूम २ मीटर धरली तर ती ८,००० घनमीटर. उकरून फुगली तरी फार तर १०,०००. म्हणजे खड्ड्याचा पाचवा हिस्सा. बाकीचा दगड तर खडी होऊन रस्त्यावर गेला! मग भरायचं कशानं? शहरातल्या पाडलेल्या घरांचा राडारोडा येतो, मागोमाग कचऱ्याची गाडी. पावसाचं पाणी त्यातून मुरतं आणि दगडाच्या फटींतून खालच्या विहिरीत उतरतं. भरायचा माल कुठला हे लिहून दिलेलं नसेल, तर "भरून देतो"ला काही अर्थ नाही.

तळं ऐकायला बरं वाटतं. पण काळ्या दगडाच्या शिवारात विहिरींचं पाणी मुरमात आणि फटींतच असतं. खाणीनं ती फट कापली की पाणी खाणीत येतं आणि काम चालू असेपर्यंत पंपानं उपसून ओढ्याला सोडलं जातं. शेजारच्या विहिरी त्या काळात उतरतात. नंतर साचलेलं तळं हे बहुतेक शिवाराचंच पाणी, आता उघड्यावर उन्हात. कडा उभ्या असल्या तर गुराला, पोराला वर यायला जागा नाही. खाण उंचवट्यावर, विहिरींपासून लांब आणि पावसाच्याच पाण्यानं भरणारी असेल, एका बाजूला उताराची वाट ठेवली असेल, तर मात्र तळ्याला हरकत नाही. रताळी-बटाट्याला उपयोगी पडेल.

खानापूरच्या जांभ्याच्या चिरेखाणीचं गणित वेगळं. खड्डा उथळ, फुटक्या चिऱ्यांचा ढीग तिथंच पडलेला. तिथं बुजवणं जमतं.

माझं मत तिसऱ्या पर्यायाला: खाण पाण्याच्या पातळीच्या वरच थांबवायची, काढून ठेवलेली माती पायऱ्यांवर परत पसरायची आणि गवत लावायचं. खाणकाम संपल्यावर जमीन चाऱ्यालायक करून गवत लावण्याची अट परवान्यात घाला, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२० ला सांगितलंच आहे. दगड कमी निघेल, भाडंही कमी येईल. ते आधीच मान्य करावं.

पातळी कुठली, यात खरी मेख आहे. मे महिन्यातलं पाणी धरलं की खाण आणखी काही मीटर खाली नेता येते, आणि दसऱ्याला तळ पाण्यात असतो. म्हणून पावसाळा संपल्यावरची पातळी धरायला लावा. पहिला सुरुंग उडण्याआधी आजूबाजूच्या प्रत्येक विहिरीचं पाणी मोजून पंचनामा करून घ्या. पुढे विहीर आटली तर दाखवायला दुसरं काही नसतं.

माती पहिल्या दिवसापासून वेगळी रचायला हवी, मुरमात मिसळली की गेली. खाणीभोवती चर आणि गाळ बसायला टाकी हवी, नाहीतर क्रशरची चुरी पहिल्याच पावसात भाताच्या खाचरात उतरते. लीजचा मसुदा बहुधा कन्नडमध्ये असतो. खोली, मातीची जागा आणि बंद करतानाचं काम या तीन ओळी जाणत्याकडून वाचून घ्या, आणि खोलीपुढे मीटरचा आकडा नसेल तर सही करू नका.