डिक्शनरी ॲपमध्ये 'फाइट' शोधलं, अर्थ मिळाला पण अर्धाच

इंग्रजी-मराठी डिक्शनरीचं एक ॲप दोन महिने वापरतेय, नाव देत नाही. रिव्ह्यू लिहायला बसले ते पुतणीने विचारलेल्या एका वाक्यामुळे. 'माय पेरेंट्स आर फाइटिंग'. ॲपमध्ये फाइट टाकलं तर उत्तर आलं 'लढणे, युद्ध करणे', आणि तिने वहीत लिहून पण टाकलं की माझे आईबाबा युद्ध करत आहेत. अहो ते भांडतायत! इंग्रजीत तोंडाने भांडलं तरी फाइट, हाणामारी झाली तरी फाइट, सैनिक लढले तरी फाइट आणि आजाराशी झुंज दिली तरी फाइटच, मराठीत मात्र प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि कुठे कुठला घ्यायचा हे सांगायलाच तर डिक्शनरी लागते ना.

त्याहून जास्त खटकलं ते 'विथ' बद्दल काहीच नाही ते. 'ही फॉट विथ हिज ब्रदर' ह्याचा अर्थ तो भावाशी भांडला असा होतो आणि भावाच्या बरोबरीने लढला असाही होतो, पुढचंमागचं वाचल्याशिवाय कळत नाही. 'अगेन्स्ट' असेल तर विरोधात, 'फॉर' असेल तर हक्कासाठी वगैरे, 'ओव्हर' असेल तर कशावरून तरी. मुलं इथेच अडकतात आणि इथे एकही उदाहरण नाही.

जवळचे शब्द बघितले तर तिथेही सगळीकडे 'लढाई'. ब्रॉल म्हणजे लोकांसमोर आरडाओरडा करत झालेली हाणामारी, स्कफल म्हणजे झटापट, थोडा वेळ चालते आणि फार कोणाला लागत नाही, स्कर्मिश म्हणजे दोन छोट्या तुकड्यांची चकमक, ड्युएल म्हणजे दोघांचंच द्वंद्वयुद्ध. एवढे चपखल मराठी शब्द असताना ते न वापरणं मला खरंच लागलं, कारण इंग्रजी न समजल्याची ही चूक नाही, मराठीकडे लक्ष न दिल्याची आहे.

आवाजाचं बटण ठीक आहे. फक्त कॉम्बॅटला एकच उच्चार दिलाय, नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि क्रियापदात बरेच जण दुसऱ्यावर देतात, ते दोन्ही ऐकवायला हवेत.

आवडलं ते शब्दाच्या मुळाचं पान, ते मात्र मन लावून केलंय. फाइट हा जुन्या इंग्रजीतल्या 'फेओख्तान' वरून आलाय, जर्मनमधला 'फेख्तेन' त्याचाच भाऊ, आणि स्पेलिंगमधले जी-एच आज मुके असले तरी पूर्वी घशातून खरखरीत 'ख' सारखे बोलले जायचे. हे वाचल्यापासून पुतणी 'फॉट' च्या स्पेलिंगमध्ये जी-एच विसरत नाही. वाक्प्रचारही बरे आहेत, 'फाइट बॅक टिअर्स' म्हणजे रडू आवरणं, 'फाइट शाय ऑफ' म्हणजे एखादी गोष्ट टाळणं, ह्यात लढाईचा संबंधच नाही आणि ते नीट समजावलंय. नेट नसताना चालतं हेही बरंय.

५ पैकी ३ स्टार. मोठ्यांना पटकन अर्थ बघायला चालेल. मुलांना देणार असाल तर शेजारी बसा, आणि ॲपवाल्यांनी पुढच्या अपडेटमध्ये फाइटच्या पहिल्या ओळीत आधी 'भांडणे' टाकावं ही मनापासून विनंती.